बाबा व्हायचंय? आधी गोळ्यांची पट्टी वाचा

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा आजार असलेल्या पुरुषाच्या घरी पाळणा हलेना, की जोडपं थेट फर्टिलिटी सेंटर गाठतं. बेंगळुरूत आयव्हीएफच्या एका फेरीला दीड ते अडीच लाख रुपये सहज जातात. त्याआधी रोजच्या गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचलं, तर काही जणांचं काम फार थोडक्यात भागतं. (खालचे आकडे अंदाजे आहेत, डोस आणि ब्रँडप्रमाणे ते बदलतात.)

मुख्य संशयित: सल्फासालाझिन
जुनं, गुणकारी आणि स्वस्त औषध. महिन्याचा खर्च पाचशेच्या आसपास. पण त्यामुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, आकारही बिघडतो. ही गोष्ट १९७९पासून डॉक्टरांना ठाऊक आहे. फॉलिक ॲसिड घेऊन हा दोष जात नाही. गोळी थांबली की साधारण तीन महिन्यांत जातो, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात.

पर्याय म्हणजे त्याच कुळातलं, पण सल्फा नसलेलं मेसालामिन. महिन्याला दीड ते अडीच हजार. सल्फासालाझिन सांध्यांसाठीही चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा; मेसालामिनचा सांध्यांना उपयोग नाही.

बाकीच्या औषधांचं काय?
- ॲझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब: होणाऱ्या वडिलांना सहसा चालू ठेवतात.
- मेथोट्रेक्सेट: तीन महिने आधी थांबवा, असा जुना सल्ला. अलीकडच्या अभ्यासांत वडिलांच्या औषधामुळे बाळातले दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. निर्णय डॉक्टरांसोबत घ्या.
- थॅलिडोमाइड: वीर्यात उतरतं. औषध चालू असताना आणि थांबल्यावर चार आठवडे कंडोम सक्तीचा.
- टोफासिटिनिब: माहिती अजून तोकडी, आवर्जून विचारा.

कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. आजार उसळला तर स्टेरॉइड, प्रसंगी ॲडमिशन आणि तेवढंच बिल. शिवाय उसळलेल्या आजारातही शुक्राणू घटू शकतात.

वीर्यतपासणी: ५०० ते १,५०० रुपये
आधी दोन ते सात दिवस संयम हवा. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. घरून न्यायचा तर डबी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात. पण बेंगळुरूत सिल्क बोर्डच्या सिग्नलवर हा तास कधी संपेल सांगता येत नाही. नमुना लॅबमध्येच द्या. एक तपासणी आत्ता, दुसरी गोळी बदलल्यावर तीन महिन्यांनी. आजार आटोक्यात आहे का, हे पाहणारी कॅलप्रोटेक्टिन ही शौचतपासणी दोन ते चार हजारांत होते.

विमा काय देतो?
वंध्यत्वावरचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, तेव्हा आयव्हीएफ खिशातूनच. इन्फ्लिक्सिमॅबच्या सलाइनचं मात्र विचारा. अशा मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं विमा नियामकाच्या २०१९च्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत. पॉलिसीत त्यावर मर्यादा किती, ते पाहा. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून लेखी उत्तर घ्या.

पैसे कुठे वाचतील?
मेडिकलमध्ये जाण्याआधी 'फार्मा सही दाम' ॲपवर औषधाची किंमत बघा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो तपासा. बेंगळुरूच्या व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात पोटविकारांची सरकारी संस्था आहे. खासगीतली फी परवडत नसेल तर तिथे दाखवा.

हिशेब
गोळी बदलण्याचा जादा खर्च महिन्याला हजार-दोन हजार, म्हणजे तीन महिन्यांत तीन ते सहा हजार. दोन वीर्यतपासण्या धरल्या तरी नऊ हजारांच्या आत. दिवाळीपासून प्रयत्न करायचे असतील, तर श्रावण लागतानाच गॅस्ट्रोच्या डॉक्टरांची वेळ घ्या. दुसरा रिपोर्ट हातात आल्यावरही शुक्राणू कमीच असतील, तर फर्टिलिटी सेंटर आहेच.