विषाणू मेला, हे सिद्ध कोण करणार?

"मुलगी विषाणूंवर काम करायचं म्हणते. तिलाच काही झालं तर?" बारावीच्या निकालानंतर अनेक पालकांचा हा पहिला प्रश्न असतो. काळजी रास्त आहे, म्हणून आधी काम समजून घेऊ.

विषाणूंचा अभ्यास करणारा प्रत्येक जण जिवंत विषाणू हाताळत नाही. प्रतिपिंडं शोधणाऱ्या अनेक चाचण्यांना निष्क्रिय केलेला विषाणू पुरतो. 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, कोविडसाठी 'कवच एलायझा' चाचणी विकसित केली, तीही निष्क्रिय विषाणू वापरूनच. घातक विषाणू जिवंत वाढवण्याचं काम अतिसुरक्षित प्रयोगशाळेत, प्रशिक्षण झालेली माणसंच करतात. नवख्या विद्यार्थ्याला तिथे पाठवत नाहीत.

विषाणू निष्क्रिय करण्याआधी तो वाढवावा लागतो, आणि त्यासाठी अनेकदा व्हेरो पेशी वापरतात. माकडाच्या मूत्रपिंडापासून या पेशी मिळवल्या गेल्या. मग वाढलेला विषाणू निष्क्रिय करायला त्यात फॉर्मालिन किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोन मिसळतात. कोव्हॅक्सिन या कोविड लशीसाठी बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरलं गेलं. मात्रा कमी पडली तर थोडे विषाणू तग धरतात. जास्त झाली तर वरची प्रथिनं बिघडतात आणि प्रतिपिंडं त्यांना ओळखेनाशी होतात. एवढं साधलं तरी काम संपत नाही. तो नमुना ताज्या पेशींवर घालायचा, काही दिवस थांबायचं, त्यावरचा द्रव पुन्हा नव्या पेशींवर घालायचा. कुठेच पेशींना इजा दिसली नाही, तरच बॅच पुढे जाते.

ही तपासणी किती महत्त्वाची, ते 1955 मध्ये अमेरिकेने पाहिलं. कटर कंपनीच्या पोलिओ लशीच्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू राहून गेला. सुमारे 40 हजार मुलांना पोलिओची लागण झाली, अनेकांना अपंगत्व आलं आणि 10 जण दगावले.

त्यामुळे या क्षेत्रात धाडसापेक्षा सचोटी लागते, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रॅक्टिकलला अपेक्षित उत्तर बघून जर्नलमधला आकडा बदलणाऱ्या मुलाने इकडे वळू नये. जे दिसलं तेच लिहिणारा मुलगा, मग त्याला गुण थोडे कमी का असेनात, इथे उत्तम काम करेल.

वाट सरळ आहे, पण लांब. बारावी विज्ञानानंतर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी., पुढे एम.एस्सी. एनआयव्हीमध्ये पुणे विद्यापीठाशी संलग्न एम.एस्सी. व्हायरॉलॉजीची सोय आहे. जागा मात्र थोड्या. एम.एस्सी.नंतर लसनिर्मिती आणि निदान-किट कंपन्यांत गुणवत्ता नियंत्रणाच्या नोकऱ्या असतात. स्वतंत्र संशोधन करायचं तर नेट देऊन पीएच.डी. करावी लागते, म्हणजे आणखी चार-पाच वर्षं. तोवर घराला मोठ्या पगाराची घाई नसावी. पालकांनी हा हिशेब मुलांसमोर मोकळेपणाने मांडावा. नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून नाइलाजाने इथे येणारी मुलं दुसऱ्याच वर्षी कंटाळतात.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा स्वतः जाऊन बघा. पेशीसंवर्धनाची सोय आहे का, विद्यार्थी स्वतः हाताने प्रयोग करतात की लांबून बघतात, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच विचारा.