डिजिटल रुपया : त्याचा कायदा आणि शेतकऱ्याचें हित

कापूस विकून हातीं आलेला पैसा कोणत्या रूपांत आहे, याचा विचार शेतकरी सहसा करीत नाहीं. नोट, बँकेंतील ठेव आणि १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठीं प्रायोगिक रीतीनें सुरू झालेला डिजिटल रुपया, हीं तीनही रूपें बाजारांत सारखींच वाटतात. परंतु कायद्याच्या दृष्टीनें त्यांत अंतर आहे, व तें संकटकाळींच विशेष जाणवतें. म्हणून त्याचा क्रमानें विचार करूं.

नोट म्हणजे खुद्द रिझर्व्ह बँकेचें देणें होय. ठेव हें त्या त्या बँकेकडे असलेलें आपलें येणें. ती बँक बुडाल्यास विम्याचें संरक्षण व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच मिळतें. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० रोजीं १ लाखावरून वाढविण्यांत आली. यूपीआयनें पैसे देतांना अशी ठेवच एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जाते. डिजिटल रुपया मात्र मोबाइलवर असूनही नोटेप्रमाणेंच रिझर्व्ह बँकेचें देणें आहे. त्यावर व्याज मिळत नाहीं.

या चलनासाठीं स्वतंत्र कायदा झालेला नाहीं. २०२२ च्या वित्त अधिनियमानें १९३४ च्या रिझर्व्ह बँक अधिनियमांत ‘बँक नोट’ या शब्दाच्या व्याख्येंत डिजिटल रूपाचा समावेश केला, आणि २२-अ हें नवें कलम घातलें. या कलमान्वयें २४, २५, २७, २८ व ३९ हीं कलमें डिजिटल नोटेस लागू होत नाहींत. पैकीं २८ वें कलम हरवलेल्या व फाटक्या नोटांविषयीं आहे. ३९ वें कलम नोटांच्या बदल्यांत नाणीं व लहान नोटा पुरविण्याविषयीं आहे. २६ वें कलम मात्र वगळलेलें नाहीं. त्याच्या पहिल्या पोटकलमानें नोट देशभर कायदेशीर चलन ठरते. दुसऱ्यानें, रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाच्या शिफारशीवरून, केंद्र सरकारला राजपत्रांत अधिसूचना काढून नोटांची मालिका चलनांतून काढतां येते.

या अधिकाराचा अनुभव ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं आला. ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. चलनांतील नोटांच्या एकूण मूल्यापैकीं त्यांचा वांटा सुमारें ८६ टक्के होता. विदर्भांत तो काळ कापूसवेचणीचा व गहू-हरभऱ्याच्या पेरणीचा. रिझर्व्ह बँकेचें कार्यालय नागपुरांत असलें, तरी खेड्यांतील शेतकऱ्याचा संबंध बहुधा जिल्हा सहकारी बँकेशीं; आणि १४ नोव्हेंबर रोजीं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. पीककर्जाच्या खात्यांतून आठवड्यास २५,००० रुपये काढण्याची सवलत १७ नोव्हेंबरला, आणि सरकारी बीजकेंद्रांतून जुन्या ५०० च्या नोटेनें बियाणें घेण्याची सवलत २१ नोव्हेंबरला मिळाली. पेरणी मात्र सवलतीची वाट पाहत नाहीं.

२ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ४ विरुद्ध १ अशा बहुमतानें ती कारवाई वैध ठरविली. न्या. नागरत्ना यांनीं भिन्नमत नोंदविलें : प्रस्ताव केंद्र सरकारकडून आला असल्यास राजपत्रांतील अधिसूचना पुरेशी नाहीं, संसदेचा कायदा हवा. २६ वें कलम डिजिटल नोटेसही लागू असल्यानें हा वाद तिच्याही कामाचा आहे.

डिजिटल रुपयांत आणखी एक शक्ति आहे, जी कागदी नोटेंत नाहीं : तो कशासाठीं खर्च व्हावा, हें आधींच ठरवून देतां येतें. अशी योजना करण्याचा मनोदय रिझर्व्ह बँकेनें ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं जाहीर केला. त्याच वर्षीं ओडिशा व आंध्र प्रदेशांतील निवडक गांवीं स्टेट बँकेचा दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना कर्ज देण्याचा प्रयोग चालूं होता. बटईनें शेती करणाऱ्याजवळ गहाण ठेवण्यास जमीन नसते. कर्ज बियाणें-खतावरच खर्च होईल अशी हमी असल्यास बँकेस धीर येतो, हा लाभ खरा. परंतु खतासाठीं बांधलेला रुपया निंदणाची मजुरी देऊं शकत नाहीं, आणि गारपीट झाल्यावर गरज खताची राहत नाहीं. असें बंधन कोणीं, किती मुदतीचें घालावें, याविषयीं वरील दुरुस्तींत एक शब्दही नाहीं.

यास्तव असें कर्ज स्वीकारण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं तीन गोष्टी बँकेकडून लेखी घ्याव्या : बंधनाची मुदत संपल्यावर शिल्लक रकमेचें काय होईल, मोबाइल हरवल्यास ती परत मिळण्याची रीत काय, आणि नैसर्गिक आपत्तींत बंधन सैल करण्याचा अधिकार कोणास आहे. एकट्यादुकट्यानें विचारण्यापेक्षां गांवच्या सोसायटीमार्फत विचारल्यास उत्तर मिळण्याचा संभव अधिक; आणि तें पेरणीपूर्वीं हातीं असलें, तरच त्याचा उपयोग.