दुसरी गाडी कुणाच्या भरवशावर?

चि. भाचेबुवांस,

पुढच्या मोसमात दुसरी गाडी उतरवावी का, यावर मालकांनी तुझ्याकडे टिपण मागितलं हे ताईकडून कळलं. तुमचा संघ मोटारशर्यतींच्या आर्का मालिकेतला, एकाच गाडीचा. खाली दिलेले दाखले मात्र वरच्या नॅस्कार कप मालिकेतले आहेत, कारण तिथल्या संघांचं चढणं-पडणं चारचौघांत झालं.

पहिला मान रिक हेंड्रिकचा. शार्लटचा हा मोटारविक्रेता १९८४ साली जेफ बोडीन या एकाच ड्रायव्हरला घेऊन कपमध्ये उतरला. पुरेसा प्रायोजक नव्हता, गाशा गुंडाळायची वेळ आली होती. एप्रिलमध्ये मार्टिन्सव्हिलला बोडीन जिंकला आणि संघ तगला. दुसरी गाडी आली १९८६ मध्ये, टिम रिचमंडसाठी. एका छपराखाली दोन संघ नांदत नाहीत, असं तेव्हा गॅरेजमध्ये सर्रास म्हटलं जाई. त्याच वर्षी बोडीनने डेटोना ५०० जिंकली आणि रिचमंडने सात शर्यती.

श्रेय हेंड्रिकच्या पैशाला देऊन मोकळं होता येतं. पण बोडीनच्या गाडीवर गॅरी नेल्सन हा क्रू चीफ होता आणि रिचमंडसाठी हॅरी हाइड हा वेगळा, मुरलेला माणूस. एकच कारागीर दोन्ही गाड्यांत वाटला नव्हता. हाइड आणि रिचमंड यांचं सुरुवातीला अजिबात जमेना, सूर जुळेपर्यंत मोसमाचा बराच भाग निघून गेला. हेही मालकांच्या कानावर घाल. पहिल्या महिन्यात निकाल मागणाऱ्याने या वाटेला न गेलेलं बरं.

छोट्या संघात नेमकं उलट घडतं. शर्यतीहून परतलेली गाडी सोमवारी खोलली जाते. ब्रेक, हब, गिअर उतरतात, स्प्रिंगा तपासल्या जातात, घासलेले पत्रे बदलतात. मग पुढच्या ट्रॅकचा सेटअप बसतो. गाडी सपाट पाटावर उभी राहते, चारही चाकांखाली वजनकाटे सरकतात आणि एक माणूस स्क्रू अर्ध्या फेऱ्याने फिरवत कोपऱ्या-कोपऱ्यातलं वजन जुळवत बसतो. एका गाडीच्या संघात हा हात बहुधा एकच असतो. दुसरी गाडी आली की तो सकाळी इकडे, रात्री तिकडे. आपल्याकडे शिरोलीच्या एमआयडीसीत असंच दुसरं सीएनसी मशीन घेणारे पुष्कळ आहेत. पहिल्यावरचा तयार ऑपरेटर काढून नव्यावर घालतात, पोरगा पहिल्यावर बसवतात आणि महिन्याभरात दोन्हीकडचं रिजेक्शन वाढतं. शर्यतींचे संघ जिथे एकवटलेत त्या शार्लटच्या परिसरात माणसं मिळतात हे खरं, पण चांगला माणूस तिथे मोठ्या संघांच्या पगाराशी तोलूनच येतो.

दुसऱ्या गाडीचे फायदे खोटे नाहीत. सरावाला वेळ थोडा मिळतो, तेव्हा दोन गाड्यांवर दोन वेगळे सेटअप लावून पाहता येतात. मोठ्या ट्रॅकवर तर सोबती सोन्यासारखा. २०१३ च्या मे महिन्यात टॅलाडेगाला फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स या छोट्या संघाच्या डेव्हिड रेगनला त्याच्याच संघाच्या डेव्हिड गिलिलँडने मागून रेटा दिला आणि दोघांनी बड्या संघांच्या नाकासमोरून पहिला-दुसरा क्रमांक पळवला. आर्काच्या वेळापत्रकात डेटोना आणि टॅलाडेगा आहेत, म्हणून हे उदाहरण मालक नक्की काढतील. त्यांना एवढंच विचार, की मोसमातल्या वीसेक शर्यतींपैकी असे ट्रॅक किती? बाकी सगळे छोटे-मध्यम ट्रॅक, रोड कोर्स आणि स्प्रिंगफिल्ड-ड्यूकॉइनच्या मातीच्या मैलभर चकऱ्या. तिथे मागून कुणी ढकलून जिंकून देत नाही.

आता पैसा. आर्कात दुसऱ्या गाडीचा विषय बहुधा एखादं विशीच्या आतलं पोर आणि त्याच्या वडिलांचा चेक दारात आल्यावर निघतो. तुमच्याकडेही तसंच झालं असणार, टिपण उगाच मागत नाहीत. चेक एका मोसमाचा असतो. भाड्याची जागा, नेमलेली माणसं, घेतलेली चॅसी त्यानंतरही राहतात.

याबाबतीत डेन्व्हरच्या फर्निचर रो रेसिंगची कथा नीट वाचण्यासारखी आहे. बार्नी व्हिसरचा हा संघ शार्लटपासून दूर कोलोरॅडोत बसून एका गाडीवर मोठा झाला. २०१६ पासून टोयोटा आणि जो गिब्ज रेसिंगशी भागीदारी झाली. २०१७ मध्ये एरिक जोन्ससाठी दुसरी गाडी आली. त्या वर्षी मार्टिन ट्रूएक्स ज्युनियरने आठ शर्यती आणि अजिंक्यपद जिंकलं, जोन्स सर्वोत्तम नवोदित ठरला. यापेक्षा चांगलं वर्ष कुणाला मिळायचं? पण जोन्स गिब्जच्याच घरचा, तो २०१८ ला तिकडे गेला आणि दुसरी गाडी बंद झाली. तिच्यावरचा प्रायोजक ‘फाइव्ह-अवर एनर्जी’ पहिल्या गाडीवर आला. पुढे त्यानेही हात काढून घेतला, भागीदारीचा खर्च वाढत होता, आणि २०१८ च्या अखेरीस अख्ख्या संघाला कुलूप लागलं. दुसऱ्या गाडीनेच संघ बुडवला असं म्हणणं अन्यायाचं होईल. ड्रायव्हर दुसऱ्याचा, प्रायोजक एखाद-दुसरा आणि करार आखूड, ही बैठकच कच्ची होती, आणि तुमच्या दारात आलेली बैठक तिच्याच जातीची आहे.

गाड्या कमी करण्यात नामुष्की मानू नये. जेटीजी डॉगर्टी रेसिंगने २०१७ मध्ये एकाच्या दोन गाड्या केल्या आणि २०२१ नंतर पुन्हा एकच ठेवली. २०२३ ची डेटोना ५०० लांबत २१२ फेऱ्यांपर्यंत गेली आणि ती त्याच एकुलत्या एका गाडीत रिकी स्टेनहाउस ज्युनियरने जिंकली. डेटोनात नशिबाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे या विजयाने काही सिद्ध होत नाही. पण एका गाडीचा संघ म्हणजे संपलेला संघ, हे तरी कुणी म्हणू नये. उलट चार गाड्यांचा स्टुअर्ट-हास रेसिंग २०२४ नंतर उरला नाही. त्याचे तीन चार्टर, म्हणजे शर्यतीतल्या जागेची हमी देणारे परवाने, इतरांनी घेतले आणि जीन हासने एक ठेवला.

मधली वाट जस्टिन मार्क्सच्या ट्रॅकहाउसने काढली आणि माझं मत तिकडे झुकतं. २०२१ ला एक गाडी, मग चिप गनासीचा नॅस्कारमधला कारभार विकत घेऊन २०२२ ला दोन. तिसरी पूर्ण वेळ न ठेवता ‘प्रोजेक्ट ९१’ या नावाने निवडक शर्यतींपुरती. तिच्यात २०२२ ला वॉटकिन्स ग्लेनला किमी रायकोनेन बसला. जुलै २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गेन बसला आणि कपमधल्या पहिल्याच शर्यतीत जिंकला. पूर्ण मोसमाची तिसरी गाडी त्याला मिळाली ती २०२५ मध्ये. माणूस, मागणी आणि आपली तयारी तपासायला मार्क्सने स्वतःला सवड ठेवली होती.

तेव्हा टिपणात असं सुचव, की त्या पोराला चार-पाच शर्यती द्याव्यात, टॅलाडेगा आणि जवळचे ट्रॅक धरून. त्या गाडीचा क्रू चीफ बाहेरून, तेवढ्या दिवसांच्या बोलीवर आणावा. तुमच्या वजनकाट्यांवरच्या माणसाला हात लावू नये. आर्कात सीलबंद इल्मोर इंजिन मिळतं, त्यामुळे इंजिनखात्याची चिंता तेवढी कमी. वडिलांचा चेक शर्यतीआधी वटलेला असावा, मोसम सरल्यावर मिळणारा नव्हे. आणि पहिल्या गाडीचा निकाल या शर्यतींत घसरला तर तो तसाच लिहावा, ट्रॅकला दोष देऊन झाकू नये.

एक गोष्ट मालक विसरतील असं वाटतं. गाड्या वाहून नेणाऱ्या हॉलरच्या वरच्या मजल्यावर मुख्य गाडीबरोबर राखीव गाडी जाते. दोन्ही गाड्या शर्यतीच्या असल्या की राखीव घरी राहते, आणि सरावात एक जरी भिंतीला लागली तरी ती शर्यत फुकट गेली. नाहीतर दुसरा हॉलर, त्याचा चालक, डिझेल आणि मोटेल. दुसऱ्या हॉलरचं मोसमभराचं भाडं दोन-तीन ठिकाणी विचार आणि तो आकडा टिपणाच्या पहिल्या पानावर घाल. मसुदा मालकांकडे जाण्याआधी मला पाठव.

तुझा,
मामा