व्यासपीठावर कोणास बसवावे?

देवळाचा कळस चढला, सभामंडप उभा राहिला, म्हणजे संस्थेचे कार्य पुरे झाले असे नव्हे. त्या मंडपातील व्यासपीठावर कोणास बसवावयाचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांच्या कानी मराठीतून धर्मविचार पडतो, तो पुष्कळदा या एकाच ठिकाणी. येथे निवड चुकली, तर हानी एका उत्सवापुरती राहत नाही. एक सबंध पिढी देवळापासून दुरावते. म्हणून मार्गदर्शकाची लक्षणे आपण नीट समजून घेतली पाहिजेत.

मुंडकोपनिषदाने गुरूची दोन लक्षणे सांगितली आहेत : तो श्रोत्रिय असावा आणि ब्रह्मनिष्ठ असावा. श्रोत्रिय म्हणजे शास्त्राचे रीतसर अध्ययन केलेला. ब्रह्मनिष्ठ म्हणजे त्या ज्ञानात ज्याचे जीवन स्थिरावले आहे असा. नुसती विद्वत्ता असेल, तर शब्द मिळतील, आधार मिळणार नाही. नुसता भाव असेल, तर श्रोत्यांच्या शंका फिटणार नाहीत. दोन्ही एकत्र पाहावीत.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणांचा स्वतंत्र समास दिला आहे. करामती दाखविणाऱ्यासही लोक गुरू म्हणतात, परंतु तो सद्गुरू नव्हे, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा आहे. जो शिष्याकडून साधना करवून घेत नाही, इंद्रियांस आवर घालावयास शिकवीत नाही, तो त्यांनी त्याज्य ठरविला. लगेच पुढे शिष्यलक्षणांचा समास येतो, हेही ध्यानात घ्यावे. सोपी आश्वासने ऐकण्याची हौस आपल्यालाच असेल, तर तशीच आश्वासने देणारा आपल्या वाट्यास येईल.

तिसरे लक्षण व्यवहारातील चोखपणाचे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असता एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथांनी रात्र जागून काढली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवाच्या पैशाचा हिशेब विचारताच ज्यास राग येतो, त्याच्या हाती आपली श्रद्धा सोपवू नये.

चौथे लक्षण समदृष्टीचे. अस्पृश्य मानलेल्या बांधवांस पंढरीचे मंदिर खुले व्हावे, म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण आरंभिले. ते कोणत्याही गादीचे अधिपती नव्हते. तथापि दाराबाहेर कोण उभा आहे, हे त्यांनी पाहिले. पुढाऱ्याची खरी परीक्षा तेथेच होते.

ही लक्षणे एका प्रवचनात उमगत नाहीत. यास्तव घाई करू नये. त्या व्यक्तीचे घरातील वर्तन, सेवकांशी बोलणे, टीका ऐकताना मुद्रेवर उमटणारा भाव, हे सारे काही महिने पाहावे. स्त्रियांस वा मुलांस एकांतात बोलावण्याचा, किंवा घरच्यांपासून काही गुप्त ठेवण्याचा आग्रह दिसला, तर संकोच न करता तेथेच थांबावे.

शंका विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. अर्जुनाने प्रश्न विचारले, म्हणूनच आपणांस गीता लाभली. प्रश्नांचे स्वागत करील, अशाच व्यक्तीस आपण व्यासपीठावर बसवू या.