अकरा सह्या

मी वसईची. लग्न होऊन अमेरिकेत आले, युटा राज्यात सॉल्ट लेकच्या खोऱ्यात घर केलं, मुलं इथेच मोठी झाली. आम्ही कॅथलिक आणि आमच्या गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन. २०१८पासून त्यांचं चर्चच सांगतं की हे नाव नको, आमचं पूर्ण नाव घ्या. पण आपल्याकडे हेच नाव माहितीचं आहे, म्हणून इथे तेच ठेवते. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणते. कुंपणाशी, जेवणाच्या टेबलाशी, बर्फ उपसता उपसता त्यांच्याशी धर्मावर वाद घालण्यात माझी कित्येक वर्षं गेली आणि मोठ्या आनंदात गेली. वाद फिरून फिरून एकाच प्रश्नावर यायचा: कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा आणि का? त्यातून जे हाती लागलं, त्यातलं हे थोडं.

१. माणूस खरं बोलतो आहे हे पटलं, तरी तो सांगतो तसंच घडलं होतं हे पटायचं बाकी राहतं. मॉर्मन श्रद्धा जोसेफ स्मिथच्या सांगण्यावर उभी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका टेकडीत, देवदूताने दाखवलेल्या जागी, १८२७ साली त्याला सोन्याचे कोरलेले पत्रे मिळाले, त्यांचा अनुवाद म्हणजे 'बुक ऑफ मॉर्मन'. पत्रे आज पाहता येत नाहीत, ते देवदूताने परत नेले असं ते मानतात. म्हणून १८३०च्या पहिल्या आवृत्तीपासून या ग्रंथात अकरा जणांची साक्ष छापलेली असते. ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस या तिघांना खुद्द देवदूताने पत्रे दाखवले आणि उरलेल्या आठ जणांनी ते हातात घेऊन पाहिले, असं ती साक्ष सांगते. मला विचार करायला लावलं ते पुढच्या हकिगतीने. १८३८च्या मध्यापर्यंत हे तिघेही स्मिथशी बिनसून त्याच्या चर्चमधून बाहेर पडलेले होते. हॅरिसने तर छपाईसाठी शेती गहाण टाकली होती. राग धरायला त्यांच्याकडे कारणं भरपूर होती, तरी तिघांपैकी एकानेही छापलेली साक्ष जाहीरपणे मागे घेतली नाही. काउडरी १८४८मध्ये परतला, हॅरिस १८७०मध्ये. व्हिटमर कधीच परतला नाही. १८८७मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने पुस्तिका छापून सांगितलं की स्मिथ पुढे वाट चुकला, पण पत्रे आणि देवदूत मी पाहिले ते पाहिलेच. मास्तर म्हणाले, "लबाडीतला भागीदार भांडण झाल्यावर तोंड उघडतो. याला पन्नास वर्षं कोणी अडवलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण त्याच पुस्तिकेत व्हिटमर असंही सांगतो की १८३८मध्ये देव माझ्याशी पुन्हा बोलला आणि या लोकांतून बाहेर पड असं त्याने मला सांगितलं. मी मास्तरांना विचारलं, "पहिला आवाज खरा मानता, मग त्याच माणसाने ऐकलेला दुसरा का नाही?" ते म्हणाले, खरं पाहिलेला माणूसही पुढे चुकू शकतो. मी म्हटलं, "मग पहिल्या वेळीच चुकला नसेल कशावरून?" त्या संध्याकाळी आम्ही दोघंही गप्प झालो. मी व्हिटमरला प्रामाणिक मानते आणि तिथे देवदूत होता असं मानत नाही. ही दोन्ही मतं माझ्यात शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचं आपसात पटत नाही.

२. नात्यातले साक्षीदार म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. त्या आठांत चार व्हिटमर भाऊ, एक त्यांच्या बहिणीचा नवरा आणि तीन जण स्मिथच्या घरचे: त्याचा बाप आणि दोन भाऊ. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मास्तरांनी शांतपणे शुभवर्तमान उघडलं. पेत्र आणि आंद्रेया सख्खे भाऊ, याकोब आणि योहान सख्खे भाऊ. अशी बातमी माणूस सर्वांत आधी घरात सांगतो. तो मुद्दा तिथेच संपला.

३. दुसऱ्याच्या साक्षीदाराला विचारलेला प्रत्येक प्रश्न आपल्या घरी परत येतो. आमच्या वसईच्या घरात फातिमामातेसमोर रोज संध्याकाळी रोझरी व्हायची. तेव्हा १३ ऑक्टोबर १९१७ हा दिवस मी लहानपणापासून ऐकत आलेला. पोर्तुगालमधल्या फातिमाजवळ कोव्हा दा इरियाच्या माळावर हजारोंची गर्दी, पाऊस थांबतो, सूर्य फिरल्यासारखा, खाली कोसळल्यासारखा दिसतो. 'ओ सेकुलो' हे धर्मसत्तेच्या विरोधातलं वृत्तपत्र, पण त्याच्याच आव्हेलिनो द आल्मेदा या पत्रकाराने पाहिलेलं लिहून छापलं. मी म्हटलं, "तुमच्याकडे अकरा, आमच्याकडे हजारो." मास्तरांनी अभ्यास केलेला होता. ते म्हणाले, त्याच माळावर उभ्या असलेल्या काहींना वेगळं काहीच दिसलं नाही. शिवाय युद्ध आज संपतंय असं मातेने सांगितल्याचं, तिचं दर्शन झालेल्या दहा वर्षांच्या लुसियाने त्या वेळच्या चौकशीत सांगितलं होतं आणि युद्ध तर आणखी वर्षभर चाललं. हे मला माहीत होतं. मी आमच्या चर्चची भूमिका सांगितली: बिशपनी तेरा वर्षं थांबून १९३०मध्ये मान्यता दिली आणि ती दिल्यावरही, फातिमावर विश्वास ठेवलाच पाहिजे असं कॅथलिकांवर बंधन नाही. "मग तुमचं सगळं कशावर उभं आहे?" त्यांनी विचारलं. पुनरुत्थानावर, मी म्हटलं, ज्यांनी उठलेल्या प्रभूला पाहिलं आणि त्यासाठी जीव दिला त्यांच्यावर. आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, त्याच साक्षीपायी. मास्तर म्हणाले, "आमच्या आठांतला हायरम स्मिथही १८४४मध्ये भावाबरोबर कार्थेजच्या तुरुंगात जमावाच्या गोळीने मेला." जीव देणाऱ्याला आपलं म्हणणं खरं वाटत होतं, एवढं मी दोघांच्याही बाबतीत मानते. त्याहून जास्त काही त्या मरणातून काढायचं मी सोडून दिलं आहे.

४. प्रत्येक धर्म काही प्रामाणिक साक्षीदारांना दारातून परत पाठवतो. स्मिथ गेल्यानंतर जेम्स स्ट्रँगने वारसा सांगितला. १८४५मध्ये त्याने विस्कॉन्सिनमधल्या व्होरी इथे चार जणांसमोर जमिनीतून धातूचे पत्रे काढवले आणि त्या चौघांनी लेखी साक्ष दिली. मास्तरांचं चर्च हे मानत नाही. त्याच विस्कॉन्सिनमध्ये, नेसीडा गावात, एका शेतकरी बाईने पवित्र मरियेचं दर्शन झाल्याचं सांगितलं. १५ ऑगस्ट १९५० या दिवशी तिथे लाखाच्या आसपास माणसं जमली आणि सूर्य फिरताना दिसल्याचं त्यांतल्या काहींनी सांगितलं. आमच्या बिशपनी १९५५मध्ये ते सगळं अमान्य केलं. फातिमा मान्य आणि नेसीडा अमान्य, याची कारणं चर्चकडे आहेत आणि मला ती पटतातही: शिकवण तपासणं, त्या व्यक्तीचं पुढचं वागणं पाहणं, घाई न करणं. २०२४च्या नव्या नियमांनुसार तर व्हॅटिकन एखादी घटना दैवी आहे असं सहसा जाहीरच करत नाही, भक्तीला हरकत आहे की नाही एवढंच सांगतं. ही सावधगिरी मला फार आवडली. पण नेसीडाच्या माळावर मान वर करून उभ्या असलेल्या माणसांचा विचार माझ्या मनात अजून येतो. तीही रोझरी घेऊनच आली होती.

५. कागद हाती लागला की श्रद्धेची खरी परीक्षा होते. 'बुक ऑफ अब्राहम' हा ग्रंथ स्मिथने १८३५मध्ये मिळालेल्या इजिप्शियन पपायरसवरून अनुवाद केला असं सांगितलं होतं. त्या पपायरसचे काही तुकडे १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने चर्चला परत दिले आणि ते मृतासोबत ठेवायचे नेहमीचे मजकूर निघाले. तुकड्यांवरचा मजकूर आणि ग्रंथ जुळत नाहीत, हे २०१४मध्ये चर्चने स्वतःच्या लेखात मान्य केलं. मास्तरांनीच मला तो लेख वाचायला दिला. म्हणाले, "तू दुसरीकडून वाचण्याआधी माझ्याकडून वाच." शेकडो वर्षं पोपच्या सत्तेचा आधार म्हणून दाखवलेलं कॉन्स्टंटाइनचं दानपत्र बनावट आहे, हे १४४०मध्ये लोरेन्झो व्हाल्लाने दाखवून दिलं होतं. ते मी त्यांना सांगितलं ते हिशोब बरोबरीचा करायला नव्हे. दानपत्र गेलं तरी कॅथलिक श्रद्धेचा गाभा राहतो, पपायरस गेला तर एक शास्त्रग्रंथच अडचणीत येतो आणि हा फरक मला मोठा वाटतो, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण आपल्या बाजूला जड जाणारा कागद स्वतः आणून देणाऱ्या माणसाबद्दल मला जो आदर वाटला, तो माझ्या मुद्द्याहून मोठा होता.

६. आतून येणाऱ्या अनुभवावर वाद घालता येत नाही, तो ऐकायचा असतो. ग्रंथ वाच, देवाला विचार, तो तुझ्या अंतःकरणात उत्तर देईल: दारावर येणारी पांढऱ्या सदऱ्यातली कोवळी मिशनरी मुलं हेच सांगतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तरांच्या चर्चमध्ये उपास असतो आणि ज्याला वाटेल तो उठून आपली साक्ष देतो. एकदा त्यांच्यासोबत जाऊन बसले. एक विधुर उठला, बायकोच्या शेवटच्या दिवसांत आपल्याला मिळालेल्या शांतीबद्दल बोलला आणि अर्ध्यातच बसला. मिस्सेत परमप्रसादानंतरची शांतता मला ठाऊक आहे आणि हा माणूस काय बोलतोय ते मला शब्दाशब्दाला कळत होतं. देव त्याच्याजवळ होता असं मी मानते. त्यातून सोन्याचे पत्रे सिद्ध होतात असं मानत नाही. माझ्या शांततेतूनही पोपची सत्ता सिद्ध होत नाही.

७. माझ्या पूर्वजांनी कुणाच्या साक्षीवर विश्वास ठेवला, हे मला सांगता येत नाही. या सगळ्या वादातून मला सर्वांत खोल लागलेली गोष्ट हीच. मास्तरांकडे त्यांच्या पणजीच्या आईची वही आहे. ती इंग्लंडमधून धर्मांतर करून आली, हातगाडी ओढत मैदानं पार केली, मूल वाटेत पुरलं आणि रोज दोन ओळी लिहिल्या. का विश्वास ठेवला, केव्हा डळमळला, केव्हा परतला, सगळं तिच्या हातचं. १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली आणि मधल्या दोनशे वर्षांत केव्हातरी माझ्या घराण्यातल्या कोणीतरी बाप्तिस्मा घेतला. ऐकून पटलं म्हणून? फादरची माया पाहून? राज्य त्यांचं होतं म्हणून? जमिनीसाठी, भीतीने? कुणीच लिहून ठेवलेलं नाही. गोव्यात १६१६मध्ये छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे, त्यात शंका विचारणारा श्रोताही आहे, पण तो ग्रंथातला श्रोता. माझी पूर्वज बाई शेतावरून येऊन काय विचारत असेल, ते त्यात नाही. मी मास्तरांच्या अकरा साक्षीदारांची उलटतपासणी करत होते आणि माझ्या घरच्या पहिल्या साक्षीदाराचं नावही मला माहीत नव्हतं. पिढ्यानुपिढ्या त्या घराण्याने विश्वास टिकवला, चिमाजी अप्पांनंतर राज्याचा आधार उरला नाही तेव्हाही टिकवला, एवढं मात्र मला माहीत आहे. माझ्यासाठी ही साक्ष फार मोठी आहे. मास्तरांपुढे पुरावा म्हणून ती ठेवायचा विचार मात्र कधी आला नाही.

८. संस्थांच्या भिंती खऱ्या असतात आणि त्यांना कारणंही असतात. मॉर्मन बाप्तिस्मा वैध मानता येणार नाही, असं जून २००१मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांबद्दलची त्यांची शिकवण मुळातच वेगळी, म्हणून. कॅथलिक बाप्तिस्मा तेही मानत नाहीत. ते मृतांसाठीही बाप्तिस्मा करतात, त्यासाठी जगभरच्या वंशावळी जमवतात आणि त्यामुळेच पॅरिशच्या नोंदवह्या त्यांना देऊ नयेत असं २००८मध्ये व्हॅटिकनने कळवलं. मी मास्तरांना हात जोडून म्हटलं, माझ्या आजीचं नाव कधी देऊ नका. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे. त्यांनी शब्द दिला. आणि तरी याच युटामध्ये, १८७९च्या मे महिन्यात, सेंट जॉर्ज गावच्या मॉर्मनांनी आपलं टॅबरनॅकल, म्हणजे प्रार्थनागृह, फादर लॉरेन्स स्कॅनलन यांना मिस्सेसाठी दिलं होतं. सिल्व्हर रीफच्या खाणीतले कॅथलिक मजूर आले आणि मॉर्मन गायकवृंदाने खास शिकून घेऊन लॅटिनमध्ये मिस्सा गायिली. दोघांनीही आपलं मत सोडलं नव्हतं.

९. मी कॅथलिक आहे आणि राहणार. पत्रे होते असं मला वाटत नाही, मास्तरांना वाटतं आणि हे आम्ही एकमेकांना तोंडावर सांगतो. वाचकांना एकच विनंती: ज्यांच्याशी तुमचा असा वाद असेल, त्यांच्या साक्षीदाराचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दांत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. व्हिटमरची पुस्तिका फार मोठी नाही. आल्मेदांचा १५ ऑक्टोबर १९१७चा वृत्तांत तर एका बैठकीत वाचून होतो. दोन्ही वाचा आणि मग वादाला बसा.