उभ्या पिकात वाण बदलत नाही : संगणकाच्या 'पूल'मधील फेरबदलांविषयी



गट कार्यालयात लागण नोंदीला गेल्यावर हल्ली टेबलाखाली मोठा संगणक दिसत नाही. पडदा, कळफलक आणि वहीएवढा एक डबा, एवढाच संसार. पुष्कळ सभासद विचारतात, "मशीन कुठाय?" मशीन कारखान्यावर आहे. तिथे एका दणकट सर्व्हरच्या पोटात अनेक संगणक कल्पनेने तयार केलेले असतात आणि गट कार्यालयातला डबा म्हणजे त्यात डोकावायची खिडकी. अशा संगणकांना आभासी डेस्कटॉप म्हणतात आणि एका कामासाठी एकत्र बांधलेल्या त्यांच्या समूहाला 'पूल'.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. "पूलचं सेटिंग बदलतायत, जरा थांबा," असे कारकून सांगतो, तेव्हा नेमके काय बदलते आणि आपल्या नोंदीचे काय होते? लागणीची तारीख चुकीची पडली तर तोडणी कार्यक्रमातला आपला नंबर मागेपुढे होतो, आणि तोड लांबली की उसाला तुरा येऊन वजन घटते. सबब हा विषय संगणक खोलीचा वाटला तरी तो आपल्या फडाशी बांधलेला आहे.

बेणेमळा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मूलभूत बेण्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित, आणि तेच पुढे शेकडो एकरांवर. पूलमध्येही तसेच. आधी एक आदर्श संगणक तयार करतात. त्यात नोंदीचा प्रोग्रॅम, मराठी टंक, छपाईची जोडणी असे सर्व नीट बसवून त्याची प्रत गोठवून ठेवतात. या प्रतीला इमेज म्हणतात. तिच्यापासून बाकीचे संगणक निघतात. बेण्यात काणी असेल तर ती सगळ्या रानात जाते, तशी इमेजमधली खोट सगळ्या गट कार्यालयांत जाते. म्हणून इमेज कोण तयार करतो आणि कोण तपासतो, हे व्यवस्थापनाने लेखी ठरवून ठेवावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पूल एकदा उभा राहिल्यावर त्यात काय बदलता येते ते पाहू. आम्ही उदाहरण घेतो ते होरायझन या प्रणालीचे. ही पूर्वी व्हीएमवेअर कंपनीची होती. ती कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि २०२४ मध्ये हा विभाग वेगळा होऊन ओम्निसा या नावाने उभा राहिला. फाटकावरची पाटी बदलली, आतली यंत्रसामग्री तीच.

काही गोष्टी पहिल्या दिवशी ठरल्या की ठरल्या. पूलचा ओळख क्रमांक बदलत नाही. पडद्यावर दिसणारे नाव मात्र केव्हाही बदला. पूल कोणत्या प्रकारचा, हेही बदलत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे संगणकाचे वाटप. ज्याला त्याला कायमचा एकेक नेमून दिलेला, की जो रिकामा असेल तो येईल त्याला, हे नंतर फिरवता येत नाही. उभ्या उसात को ८६०३२ चा कोएम ०२६५ होत नाही, तसेच हे. वाण बदलायचा तर रान मोडून नवी लागण, म्हणजे नवा पूल बांधून माणसे तिकडे हलवायची. नुसते "सेटिंग बदलून देतो" असे कुणी म्हणत असेल तर हे काम एका कळीचे नाही, हे ध्यानी असावे.

काही गोष्टी बदलता येतात, पण त्या नव्या लागणीलाच लागू पडतात. संगणक सर्व्हरवर कुठल्या जागेत ठेवायचे, तयार होताना त्यांना कोणते संस्कार द्यायचे, या गोष्टी बदलल्या तरी आधी उभ्या असलेल्या संगणकांना त्याची खबरही नसते. इथे फसगत होते. बदल करणारा समाधानाने चहाला जातो, आणि निम्म्या कार्यालयांत जुना व निम्म्यांत नवा असा प्रकार चालू राहतो.

बाकीचे बदल म्हणजे पाण्याची पाळी. उभ्या पिकाला लागू पडतात, आणि त्यातलाच एक सभासदांच्या सर्वांत जवळचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लाईट जाते. गट कार्यालयातला पडदा काळा होतो, पण कारखान्यावरचा संगणक बंद पडत नाही. त्याचे फक्त या खिडकीशी नाते तुटते. कारकुनाचा अर्धा भरलेला नोंदीचा अर्ज तिथे तसाच उघडा असतो. लाईट आली, पुन्हा आत शिरले, की जिथे होतो तिथून पुढे. याला संबंध तुटणे म्हणतात. लॉगऑफ ही वेगळी गोष्ट. लॉगऑफमध्ये सगळे मिटवून दार लावले जाते आणि अर्धा अर्ज जातो. संबंध तुटल्यावर किती वेळाने आपोआप लॉगऑफ करायचे, हे पूलच्या एका सेटिंगवर ठरते. 'लगेच', 'कधीच नाही' किंवा 'इतक्या मिनिटांनी' असे तीन पर्याय त्यात असतात.

शहरातल्या कचेरीत बसलेला माणूस 'लगेच' ठेवील आणि त्याचे काही बिघडणार नाही. आपल्या गटात तसे ठेवले तर लाईटच्या प्रत्येक झटक्याला रांगेतला सभासद पुन्हा पहिल्यापासून सातबारा काढून दाखवणार. मग 'कधीच नाही' ठेवावे काय? तेही नको. तुटलेला प्रत्येक संबंध एक संगणक अडवून बसतो. समजा पूलमध्ये वीसच संगणक आहेत आणि आठ जण न मिटवता घरी गेले, तर सकाळी बाराच उरतात. तेराव्या कारकुनाला "संगणक शिल्लक नाही" असे उत्तर येते. पाणी पाटात आहे पण दुसऱ्याच्या बाऱ्यावर अडलेले, अशी गत. आमच्या मते गट कार्यालयांचा पूल हिशेब विभागाच्या पूलपासून वेगळाच असावा. सेटिंग पूलवार चालते. गटांना दोन-तीन तासांची मुदत द्या, हिशेब विभागाला अर्धा तास पुष्कळ झाला.

या सेटिंगची आणखी एक खोच आहे बरं का. सकाळी १०.४० ला लाईट गेली आणि एका कार्यालयाचा संबंध तुटला. ११ वाजता कुणी मुदत बदलून १५ मिनिटे केली. आता हा संगणक केव्हा मिटेल? वीस मिनिटे होऊन गेलीत म्हणून तत्काळ, असे वाटेल. तसे नाही. मोजणी सेटिंग बदलल्या क्षणापासून सुरू होते, म्हणजे ११.१५ ला. तेवढ्यात लाईट आली तर काम वाचते, नाही तर जाते. म्हणून लाईट गेलेली असताना ही मुदत कमी करू नये.

इमेज बदलणे हा याहून मोठा फेरबदल. नोंदीच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा झाली की नवी इमेज करून ती पूलला लावतात. त्या वेळी दोन रस्ते असतात. एक, जो तो आपले काम मिटवील तसतसा त्याचा संगणक नवा होईल. दुसरा, सर्वांना इशारा देऊन ठरल्या वेळाने बाहेर काढायचे. पहिला सबुरीचा आणि आम्हांस तोच पसंत. दुसरा वापरावाच लागला तर गाळप हंगामात दिवसा मुळीच नाही. पहिल्या चुकीलाच काम थांबवण्याची सोय असते, ती चालू ठेवावी, आणि जुनी इमेज पुसू नये. नवीत दोष निघाला तर जुनीच पुन्हा लावता येते. वाण नवा आला की आपण आधी चार सऱ्यांत लावून बघतो. तसे दोन संगणकांचा लहान पूल करून त्यावर आठवडाभर बघावे.

वेळेचे म्हणाल तर जुलै-ऑगस्ट आडसाली नोंदींचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर पूर्वहंगामी, पुढे सुरू लागणी, आणि हंगामभर वजनकाटा रात्रंदिवस चालू. राहतात ते एप्रिल अखेर ते जूनचे दिवस. मिल, बॉयलर तेव्हाच खोलतात. पूलही तेव्हाच खोलावा. बदलापूर्वी पूल तात्पुरता बंद ठेवला तर आत असलेल्यांचे काम चालू राहते, नवे कुणी शिरत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या अझूर प्रणालीतही थोड्याफार फरकाने हेच आहे. तिथेही समूह सामायिक की वैयक्तिक, हे एकदा ठरले की बदलत नाही.

आता राहिली सभासदाच्या हाताशी असलेली गोष्ट. येईल त्याला संगणक या पद्धतीत बहुधा लॉगऑफ झाला की तो संगणक पुसला जातो आणि इमेजवरून नवा येतो. कारकुनाने आपली नोंद प्रोग्रॅममध्ये न भरता "संध्याकाळी चढवतो" म्हणून पडद्यावरच्या एखाद्या फाईलमध्ये टिपून ठेवली, तर ती संध्याकाळपर्यंत राहीलच असे नाही. प्रोग्रॅममध्ये जतन झालेली नोंद मात्र मुख्य डेटाबेसात जाते; पूलमध्ये कितीही फेरबदल झाले तरी तिला धक्का लागत नाही. तेव्हा नोंद झाल्यावर छापील पावती मागून घ्यावी. तिच्यावर गट नंबर, क्षेत्र, वाण आणि लागणीची तारीख बरोबर आहे का, हे टेबलापाशीच वाचावे. लाईट गेली म्हणून पावती निघाली नसेल, तर दुसऱ्या दिवशी जाऊन घ्यावी. चिटबॉयच्या तोंडी निरोपावर भागवू नये.