घटक ४ : युवा नाट्यगट आणि ‘संगीत शारदा’चा प्रयोग

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, ह्या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• ‘संगीत शारदा’ ह्या नाटकाची सामाजिक पार्श्वभूमी सांगता येईल.
• संगीत नाटकातील पदांचे कार्य ओळखता येईल.
• जुन्या संहितेचा प्रयोग आजच्या तरुण कलावंतांनी करताना कोणते निर्णय घ्यावे लागतात, हे स्पष्ट करता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण किर्लोस्कर परंपरेचा परिचय करून घेतला. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले, हे आपण पाहिले. आता थोडा वेगळा विचार करू. समजा, आपल्या गावातील वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या एका गटाने संगीत नाटक करण्याचे ठरविले आहे. दिवसा नोकरी किंवा शिक्षण, रात्री शाळेच्या एखाद्या वर्गात तालीम. हाताशी एक पेटी आणि एक तबला. अशा गटासमोर ‘शारदा’ची संहिता आली, तर तिचे काय करावे? हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. नाटक ही वाचण्याची वस्तू आहे की करून पाहण्याची, हा साहित्याच्या विद्यार्थ्यापुढील मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नाटक आणि त्याचा काळ

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ते शिष्य होते आणि नटांना तालीम देणारे शिक्षक म्हणूनही त्यांची ख्याती होती. त्यांनी सात नाटके लिहिली. ‘मृच्छकटिक’, ‘झुंझारराव’, ‘संशयकल्लोळ’ ही त्यांपैकी काही प्रसिद्ध नाटके संस्कृत वा पाश्चात्त्य कृतींवर आधारलेली आहेत. १८९९ साली रंगभूमीवर आलेले ‘शारदा’ मात्र त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक होय.

पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी शारदा हिचे लग्न भुजंगनाथ ह्या वृद्ध श्रीमंताशी ठरवितो. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित हा व्यवहार जुळवून आणतो. सुधारक विचारांचा तरुण कोदंड त्याला विरोध करतो. अखेर हे लग्न मोडते आणि शारदा व कोदंड यांचा विवाह होतो. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला होता आणि त्यावरील वाद लोकांच्या स्मरणात ताजा होता. त्या वातावरणात पौराणिक कथा बाजूला ठेवून घरातलाच प्रश्न गाण्यांच्या नाटकात आणणे, हे धाडसाचे होते.

येथे एका गैरसमजाकडे आपले लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव ह्या नाटकावरून पडले असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते नाव विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले आहे. त्या कायद्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी १४ व मुलांसाठी १८ ठरविले. नाटक त्याच्या तीस वर्षे आधीचे आहे.

४.२.२ पदांची निवड

जुन्या काळी संगीत नाटकाचा प्रयोग रात्रभर चाले आणि आवडत्या पदांना ‘वन्समोअर’ मिळत असे. आज प्रयोग अडीच-तीन तासांत बसवावा लागतो, त्यामुळे पदे कमी करणे अटळ ठरते. कोणती ठेवावीत? केवळ लोकप्रियता हा निकष पुरेसा नाही. प्रत्येक पदाला पुढील तीन प्रश्न विचारून पाहावेत.

(अ) हे पद गाळल्यास कथानकात खंड पडतो काय?
(आ) पात्राची जी मनोवस्था संवादात येत नाही, ती ह्या पदात येते काय?
(इ) हे पद केवळ आधीच्या संवादाची पुनरुक्ती करते काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ते पद प्रथम गाळावे. ‘शारदा’त हे काम अवघड जाते. देवलांची पदे बोलता-बोलता सुरू होतात; त्यांची भाषा घरातल्या बायकांच्या बोलण्याइतकी साधी आहे. शारदा आपली भीती व्यक्त करते ते पद गाळले, तर तिच्या मनातील बरेच काही प्रेक्षकापर्यंत पोहोचणारच नाही.

४.२.३ गळा आणि पट्टी

आरंभीच्या काळात स्त्रीभूमिका पुरुषच करीत. आज शारदेची भूमिका मुलगी करते. त्यामुळे छापील स्वरलेखन किंवा जुनी ध्वनिमुद्रिका जशीच्या तशी अनुसरता येत नाही. मुलींचा गळा सामान्यतः काळी चार-पाचच्या आसपास, तर मुलांचा काळी एक-दोनच्या आसपास खुलतो. प्रत्येकाची पट्टी ठरवून पेटीवाल्याने ती संहितेच्या समासात लिहून ठेवावी. ताना घेण्याचा मोह आवरावा. ‘मानापमान’ (१९११) व त्यानंतरच्या नाटकांत गायकीला जे स्थान मिळाले, ते ‘शारदा’त अपेक्षित नाही. येथे शब्द ऐकू येणे अधिक महत्त्वाचे आहे.

४.२.४ हसू आणि भीती

प्रयोगाची खरी कसोटी येथे लागते. भुजंगनाथाची तरुण दिसण्याची धडपड आणि मैत्रिणींनी म्हाताऱ्या वराची केलेली थट्टा हे प्रसंग हमखास हशा मिळवितात. तरुण नटास पांढरी दाढी आणि वाकलेली कंबर मिळाली, की तो हशा वाढवीत नेतो. परंतु भुजंगनाथ केवळ विदूषक झाला, तर शारदेला भीती कशाची वाटावी? त्याच्यापाशी पैसा आहे आणि घरातील कर्ता पुरुष त्याच्या बाजूने आहे. हे प्रेक्षकाला क्षणभरही विसरू देता कामा नये. म्हणून दिग्दर्शकाने तालमीतच ठरवावे, की हशा कोठे थांबेल. हशानंतर शारदा काही क्षण निःशब्द उभी राहिली, तरी पुरे.

हे नाटक आता जुने झाले, असे कलावंतांपैकी कोणी म्हणेल. २००६ च्या कायद्याने मुलीचे किमान वय १८ व मुलाचे २१ आहे. तरीही बालविवाह रोखल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. प्रेक्षागृहात अशा अनुभवातून गेलेली एखादी आजी बसलेली असू शकते. प्रयोग तिच्यासमोर करावयाचा आहे, एवढे भान ठेवले तरी अभिनय आपोआप संयत होतो.

४.३ सारांश

‘संगीत शारदा’ हे देवलांचे एकमेव स्वतंत्र नाटक असून त्यात जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न मांडला आहे. त्याचा प्रयोग करताना पदांची निवड, गळ्यानुसार पट्टी आणि विनोद व भीती यांचा तोल ह्या तीन बाबींचा विचार करावा लागतो. संहितेची काटछाट हेसुद्धा एक प्रकारचे वाचनच असते, कारण काय गाळावे हे ठरविण्यासाठी नाटक नीट समजून घ्यावे लागते.

४.४ स्वाध्याय

(१) ‘शारदा’ हे देवलांच्या इतर नाटकांपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळे आहे?
(२) ‘शारदा’तील कोणतेही एक पद निवडा आणि ४.२.२ मधील तीन निकष त्यास लावा. ते ठेवाल की गाळाल, हे सकारण लिहा.
(३) उपक्रम : आपल्या घरातील वा शेजारच्या वयस्कर स्त्रीला तिच्या लग्नाच्या वेळचे वय व आठवणी विचारा. तिची संमती असल्यास, नाव न देता, दहा ओळींत टिपण करा. हे टिपण संपर्कसत्रास येताना सोबत आणावे.